छापील बाजू बाहेर

सोमवार, ३ तारीख

छापखान्याला आज काम मिळालं. म्हणजे अजून मिळालेलं नाही, पण मिळाल्यातच जमा आहे.

गेल्या आठवड्यात चिरंजीव जुनी यंत्रं विकत घेणाऱ्या एका व्यापाऱ्याला घेऊन आले होते. त्याने माझ्या छपाई यंत्राभोवती एक चक्कर मारली, रुळावर टिचकी मारली आणि म्हणाला, महिनाअखेरीस उचलतो. खोली रिकामी करून भाड्याने द्यायची, असा चिरंजीवांचा बेत. मी "बघू" म्हटलं. माझ्या "बघू"चा अर्थ "नाही" असा असतो, हे घरात हिच्याशिवाय कुणाला कळत नाही.

आज कोपऱ्यावरच्या नव्या केकच्या दुकानात गेलो होतो, बिलबुकं छापायला मिळतील या आशेने. मालकीणबाई म्हणाल्या, बिलं यंत्रातूनच निघतात. पण बाई मनाने चांगल्या. चव बघा म्हणून एक गरम कपकेक हातावर ठेवला. खाल्ला, भोवतीचा कागदी कप सोलला, तळाशी पाहिलं, तर कोरा कागद. जन्म छपाईत गेलेल्या माणसाला कोरा कागद बघवत नाही. मी म्हटलं, इथे एखादं कोडं छापलं तर? बाई पीठ चाळत होत्या, त्या थांबल्या. म्हणाल्या, रविवारी तेवीस तारखेला उद्घाटन आहे, तोवर करून दाखवलंत तर त्या दिवशीचे सगळे कप तुमचे आणि पुढचेही.

मी घरी चालत आलो नाही, उडतच आलो. चिरंजीवांना सांगितलं. त्यांनी हिशेबी माणसासारखी अट घातली: हे काम टिकलं तर यंत्र राहील, नाही टिकलं तर पंचवीसला व्यापारी टेम्पो घेऊन येईल आणि मी मध्ये पडायचं नाही. शब्द दिला. आता दिला आहे तर दिला आहे.

पहिलं कोडं जेवायच्या आधीच तयार झालं. "आत गेलो तेव्हा वाहत होतो, बाहेर आलो तेव्हा उभा राहिलो. मी कोण?" उत्तर केक. हिला घातलं, तर ही म्हणाली, बर्फ. पंचाईत झाली. मग बदल केला: "आत गेलो तेव्हा वाहत होतो, तापलो आणि उभा राहिलो." ही म्हणाली, मग ते तुम्हीच.

मंगळवार, ४ तारीख

सूनबाईंनी विरजण घातलं.

सूनबाई बिस्किटांच्या कारखान्यात गुणवत्ता खात्यात आहेत. घरात कुणी नुसतं पाणी प्यायलं तरी आधी पेला उजेडाला धरून बघतील. मी एवढ्या उत्साहाने सांगतोय, कोडं कपाच्या आत, तळाशी, खाता खाता दिसेल असं. त्यांनी घास खाली ठेवला आणि विचारलं, शाई कुठली? कागद कुठला? भट्टी किती तापते? शेवटी म्हणाल्या, "बाबा, छापलेली बाजू खाण्याच्या पदार्थाला लागलेली चालत नाही." मी म्हटलं, कोण चालवत नाही? म्हणाल्या, नियम. जणू नियम नावाचा कुणी मामा आहे आणि तो आत्ता दार वाजवणार आहे.

नवरा-बायकोने मिळून ठरवलेलं दिसतंय. एक व्यापारी आणतो, दुसरी नियम आणते.

गुरुवार, ६ तारीख

सुचलं! छपाई बाहेरून करायची. कोडं कपाच्या कडेवर, उत्तर तळाच्या खालच्या बाजूला. म्हणजे केक संपवल्याशिवाय, कागद उलटा केल्याशिवाय उत्तर मिळणारच नाही. आधीच्यापेक्षा किती तरी बरं झालं. सूनबाईंना सांगितलं तर त्या हसल्या. मी त्यांना कधी इतकं मनापासून हसताना पाहिलेलं नाही. हरल्यावर माणसं अशी हसतात कधी कधी.

आज त्या रजा टाकून माझ्याबरोबर कागदाच्या बाजारात आल्या. मी नको म्हणत होतो, फुकट रजा कशाला घालवायची. पण पाळत ठेवायची असेल तर ठेवू दे म्हटलं. कागदवाल्याने बटर पेपर काढला. सूनबाई म्हणाल्या, हा गुंडाळायचा, भट्टीत जाणारा वेगळा. दुसरा काढला. तर म्हणाल्या, हा किती तापमानापर्यंत चालतो, ते कंपनीच्या पत्रावर लिहून द्या. शाईवाल्याकडेही तेच. तो मला चाळीस वर्षं ओळखतो. म्हणाला, अहो, आजवर तुमची शाई कुणी चाटली का? सूनबाई म्हणाल्या, आता केकबरोबर भट्टीत जाणार आहे, म्हणून विचारतोय. "विचारतोय" म्हणाल्या, "विचारतेय" नव्हे. माझ्याही वतीने बोलायला लागल्या. शेवटी खाण्याच्या वेष्टनासाठी चालणारी शाई आणि तिचं पत्र दोन्ही घेऊनच बाहेर पडलो.

परत येताना त्यांनी दोन कोडी सुचवली. एक बरं आहे. "रिकामं असलं की वाजतं, भरलं की सगळ्यांना गप्प करतं." उत्तर ताट.

सोमवार, १० तारीख

सूनबाईंकडची नियमांची पुस्तिका वाचायला घेतली आणि खरं सांगतो, खाली ठेववेना. त्यांच्या शस्त्राने त्यांनाच गप्प करावं, एवढाच हेतू होता. पण काय एकेक प्रकार आहेत! कागद म्हणजे नुसता कागद नव्हे. त्याच्यावर काय लावलंय, तो पूर्वी कशाचा होता, रद्दीचा लगदा आहे का, हे सगळं तापलं आणि तुपातेलाशी गाठ पडली की कागदातून खाण्यात उतरू शकतं. थंड कोरड्या बिस्किटाला जे चालेल ते गरम लोणीदार केकला चालेलच असं नाही. मी चाळीस वर्षं कागद हाताळला, पण कागदाकडे खाणाऱ्याच्या बाजूने कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी पाहिलं तर हिने डब्याच्या तळाशी वर्तमानपत्र घातलेलं. तिथल्या तिथे काढायला लावलं. छापील कागद, त्यात गरम तळलेलं, म्हणजे शाई पोटात. मग शेजारच्या काकूंकडे गेलो. त्या केकच्या भांड्याला मासिकाचं गुळगुळीत पान लावत होत्या. त्यांना नीट समजावून सांगितलं, पान काढून घेतलं आणि आपल्याकडचा कागद कापून दिला. वरच्या मजल्यावरच्यांनाही सांगून आलो. संध्याकाळी ही म्हणाली, जिन्यात तुमची पावलं ऐकली की लोक स्वयंपाकघराची दारं लावून घेतात.

लावू देत. उद्या आपलेच कप विकत घेतील.

गुरुवार, १३ तारीख

तपासणीसाठी नमुना पाठवला. प्रयोगशाळेत तो तापवतात, तेलात ठेवतात आणि कागदातून काय उतरलं ते मोजतात. सूनबाईंनी कुणाच्या तरी ओळखीने नंबर लवकर लावून घेतला. एवढी घाई कशाची, तेवढंच कळलं नाही. नापास व्हायची घाई असावी.

नमुना मी निवडला. छपाईवाल्याचा नमुना कसा असावा हे कुणी मला शिकवू नये. एकच ताव काढला, दोन दिवस वाळवला, त्यातली सगळ्यात स्वच्छ वर्तुळं घेतली, कप करायच्या साच्यात एकेक करून दाबली. कडेच्या चुण्या अशा सुरेख पडल्या की हिला दाखवल्याशिवाय राहवेना. सूनबाईंनी विचारलं, हे नेहमीच्या मालातलेच आहेत ना? म्हटलं, मालच तसा होणार आहे. नमुना म्हणजे नमुना. मुलगी दाखवताना कुणी तिला झोपेतून उठवून आणतं का?

मंगळवार, १८ तारीख

पास!

कागद पास, शाई पास, सगळं पास. मी निकाल तीनदा वाचला, मग हिला वाचून दाखवला, मग चिरंजीवांना. ते "हं" म्हणाले. पण यंत्राच्या व्यापाऱ्याला फोन करून काय ते पक्कं करू का, असं सकाळी जे विचारत होते, ते पुन्हा विचारलं नाही.

दिवसभर यंत्र चालू आहे. किती महिन्यांनी हा आवाज. खोलीत शाईचा वास भरला आणि मला तरुण झाल्यासारखं वाटलं, हे इथे लिहायला हरकत नाही, कारण हिच्यासमोर म्हणता येत नाही. एका तावावर वेगवेगळी कोडी, त्यांची वर्तुळं कापायची, जाड गठ्ठा करून तापलेल्या साच्यात ठेवायचा, दांडा दाबला की एकात एक बसलेले कप तयार. एकेक दाबत बसलो असतो तर उद्घाटन पुढच्या वर्षी करावं लागलं असतं. वाळत ठेवायलाही वेळ नाही. साचा गरमच असतो, त्यात वाळतातच.

ही चहा घेऊन आली आणि एक कप उचलून म्हणाली, आतून काजळी लागल्यासारखं दिसतंय. पाहिलं. कपाच्या आत पुसट अक्षरं दिसतात खरी. कागद पातळ आहे, बाहेरची छपाई आत दिसणारच. हिला म्हटलं, चष्मा बदल. उलट मला ते फार छान वाटलं. पिवळ्या केकच्या बुडाला पुसटशी अक्षरं. मुलं नाचतील.

शुक्रवार, २१ तारीख

खोके दुकानात पोचवले. बाईंनी एक कप उघडला, कोडं वाचलं, उत्तर सुचेना, उलटून पाहिलं आणि खळखळून हसल्या. मदतनीस मुलींना बोलावून प्रत्येकीला वेगळं कोडं घातलं. भट्टी गरम होत होती आणि सगळ्या जणी हातात कप धरून डोकी खाजवत होत्या. मी दारातच उभा राहून हे पाहत होतो. डोळ्यांत पाणी आलं. म्हातारपणी असं होतं.

संध्याकाळी सूनबाई म्हणाल्या, मला गठ्ठ्यातला एक कप द्या. मी अभिमानाने सांगितलं, एकही उरला नाही, सगळे गेले. त्या चपला घालून बाहेर गेल्या, येताना भाजी आणते म्हणाल्या. भाजी आणायची राहिलीच.

शनिवार, २२ तारीख

सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर सूनबाई ओट्याशी उभ्या. समोर आमचा एक कप. कालच दुकानातून मागून आणला होता. मला म्हणाल्या, बाबा, बाहेरून काय लिहिलंय वाचा. तळाच्या बाहेर "केक". म्हणाल्या, आता आतून वाचा.

उलटी अक्षरं वाचण्यात माझा जन्म गेलाय. आत "ताट" होतं.

कागदातून आरपार दिसत असतं तर आतही "केक"च दिसायला हवं होतं. "ताट" त्याच्या आत बसलेल्या कपाच्या बाहेरचं. कोवळी छपाई, जाड गठ्ठा, वर तापलेला साचा. प्रत्येक कपाची बाहेरची शाई दुसऱ्याच्या आत जाऊन बसली होती. छापलेल्या तावांचा गठ्ठा लगेच दाबला की मागचा ताव खराब होतो, हे मी पोरवयात शिकलो. त्यावरून मालकाच्या शिव्या खाल्ल्या. ते मला साच्यापाशी आठवलं नाही. सगळ्या गल्लीला शाई शिकवत फिरलो आणि आपल्याच कपाच्या आत डोकावलो नाही. ही तिथेच कणीक मळत होती. "लोका सांगे ब्रह्मज्ञान" एवढंच म्हणाली. पुढचं म्हणाली नाही, ही तिची दया.

सूनबाईंनी लोण्याचा हात कपाच्या आतून फिरवला आणि पांढऱ्या फडक्याला पुसला. फडक्यावर राखाडी डाग.

मी चिडलो. लपवत नाही. म्हटलं, प्रयोगशाळेने पास केलंय. म्हणाल्या, त्यांनी तुम्ही पाठवलेला कप पास केला, हा नाही. म्हटलं, इतक्याशा शाईने कोण मरतंय?

त्या म्हणाल्या, "कुणी मरणार नाही, बाबा. म्हणून तर कुणाला कळणारही नाही. कळलंय ते फक्त आपल्याला."

मी विचारलं, दुकानात सांगितलं का? म्हणाल्या, "नाही. माल तुमचा आहे. तुम्ही सांगाल."

मी बाहेर जाऊन यंत्रापाशी बसलो. सांगितलं की काम गेलं, काम गेलं की यंत्र गेलं. नाही सांगितलं तर उद्या मुलं त्या कपातून केक खातील, हसतील आणि काही होणार नाही. खरंच काही होणार नाही, हेच सगळ्यात वाईट. मग शेजारच्या काकूंच्या हातून मी पान कसं काढून घेतलं ते आठवलं आणि कान गरम झाले. उठलो.

बाई केकवर काहीतरी सजावट करत होत्या. मी सगळं सांगितलं, कप दाखवला, फडकंही दाखवलं. त्यांचा चेहरा पाहवेना. म्हणाल्या, उद्या सकाळी दार उघडायचंय, पाटी लावलीय, कोड्यांचे कप म्हणून सगळ्यांना सांगितलंय, आता कप कुठून आणू? त्यांचं बरोबर होतं. मी म्हटलं, कप मी देतो, कोरे. कसे, ते मला माहीत नव्हतं.

ते सूनबाईंना माहीत होतं. त्याच पास झालेल्या कोऱ्या कागदाचे चौकोन कापायचे, पेल्याच्या बुडावर दाबायचे, चार टोकं वर उभी राहतात, फुलासारखी. साचा नको, शाई नको. दुपारपासून आम्ही सगळे बसलो. ही, सूनबाई, मी. संध्याकाळी चिरंजीव कामावरून आले, दारात उभे राहिले, म्हणाले, हे काय चाललंय? मग त्यांनी बाह्या वर केल्या आणि एक पेला घेतला. त्यांचे कप वाकडे होत होते. पण मला आज बोलायचा अधिकार नव्हता.

रविवार, २३ तारीख

पाटीवर "कोड्यांचे कप" आणि कप कोरे. पहिल्याच गिऱ्हाइकाने कप चहूबाजूंनी फिरवून विचारलं, कोडं कुठंय? बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत एवढंच होतं की आता निस्तरा.

मी पुढे झालो आणि कोडं तोंडाने घातलं. तो माणूस अडला. मागच्या आजोबांनी चुकीचं उत्तर दिलं. एका पोरीने बरोबर दिलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग थांबता येईना. दुपारपर्यंत माझा घसा बसला. एका कपाला एक कोडं, आधी खायचं, मग उत्तर. छापलेली सगळी कोडी संपली, तशी नवी रचली, उभ्या उभ्या. सूनबाई मागून एखादी ओळ पुरवत होत्या. इतकी मजा मला छापण्यातही आली नव्हती.

दुकान बंद करताना बाई म्हणाल्या, "काम दिलंय असं समजू नका. गठ्ठ्यातला मी माझ्या हाताने उचलेन तो कप तपासून आणा, मग बघू."

हा "बघू" कुठल्या अर्थाचा, ते मला कळलं नाही. घरी येऊन चिरंजीवांना खरं ते सांगितलं. काम टिकलं नाही. शब्द म्हणजे शब्द, पंचवीसला टेम्पो येऊ दे. ते म्हणाले, झोपा आता, घसा बसलाय.

सोमवार, २४ तारीख

यंत्र पुसून ठेवावं म्हणून सकाळी छापखान्यात गेलो, तर सूनबाई आधीच तिथे. पुन्हा रजा. डोक्याला रुमाल बांधलेला. म्हणाल्या, जायच्या आधी एक गोष्ट करून बघू. ताव पुरते वाळू द्यायचे, दोन वर्तुळांमध्ये कोरा कागद घालायचा आणि मग दाबायचे. मी म्हटलं, आता काय उपयोग? म्हणाल्या, कळेल तरी.

गेल्या आठवड्यात छापलेले काही ताव उरले होते, चांगले वाळलेले. ते कापले, मध्ये कागद घालून दाबले. एकेक कप उघडून आत बघायचा, हेच दिवसभर चाललं होतं. आत काही नाही. पुढचा, आत काही नाही. लोणी लावून पुसलं, फडकं पांढरं. मी लहान मुलासारखा ओरडलो. सूनबाई म्हणाल्या, फडकं म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, हा गठ्ठा तपासून आणेपर्यंत तोंडात साखर घालायची नाही. पण पुढचा कप त्यांनी माझ्याआधी उघडला. संध्याकाळी त्यांनीच यंत्र सुरू केलं आणि नवा ताव घातला. मी विचारलं, अहो, उद्या हे जायचंय ना? त्यांना यंत्राच्या आवाजात ऐकू आलं नसावं.

मंगळवार, २५ तारीख

व्यापारी सांगितल्याप्रमाणे टेम्पो घेऊन आला. चिरंजीव त्याच्याबरोबर आत आले. मी कडेला उभा होतो. शब्द दिला होता, मध्ये पडणार नव्हतो. यंत्राशेजारी तारेवर ताव वाळत होते आणि सूनबाई कालच्या कपांमधले कोरे कागद काढत होत्या.

व्यापारी थेट यंत्रापाशी गेला. मघाशी टेम्पोचा मागचा फाळका उघडताना काळे झालेले हात तसेच होते. त्याने रुळावर ठेवायला हात पुढे केला, तशा सूनबाई मध्ये आल्या.

"हात धुऊन या," त्या म्हणाल्या. "इथे खाण्याच्या वस्तूचं काम चालतं."

व्यापाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. त्याने चिरंजीवांकडे पाहिलं. चिरंजीव एकदा आपल्या बायकोकडे, एकदा तारेवरच्या तावांकडे बघत राहिले आणि मग त्यांनी त्याला मागच्या नळाकडे बोट दाखवलं.

तो हात धुऊन आला तोवर चिरंजीवांनी टेम्पो परत पाठवला होता.